दोब्रोलिप्स्की, ओढ्याच्या अलीकडचे

२० एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिलीय. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजायचा आणि लिहायचा. आज सकाळी वरचा १६५, खालचा ९५. झालं लिहून. उरलेल्या पानाचं काय करू? बाई म्हणाल्या, "राग कशाकशाचा येतो तेही लिहीत चला, दोब्रोलिप्स्कीसाहेब."

"मला राग येत नाही," मी म्हणालो. लुद्विका शेजारीच बसली होती. ती खिडकीबाहेर बघायला लागली. बायको आहे माझी, पण ऐन वेळी साथ देईल तर शपथ.

२१ एप्रिल. १७२/९८

बरं, लिहितो. काल संध्याकाळी गावाच्या सभागृहात बैठक होती. पंधरा ऑगस्टला आमच्या आडनावाचा मेळावा भरणार आहे. ग्दान्स्कहून, क्राकोवहून, पार शिकागोहून चारशे दोब्रोलिप्स्की येणार. चर्चसमोर काळा दगड बसवायचा. वर कुलचिन्ह, खाली अकरा घरांची नावं. अध्यक्ष अर्थातच कायेतान, कारण शाळेचा मुख्याध्यापक निवृत्त झाला तरी घंटा वाजवायची खोड जात नाही. आडनावाचं मूळ काय आणि ते कुठे कुठे पसरलं यावर भाषण मी करायचं. मोजणी खात्यात अडतीस वर्षं काढलीत, जुने कागद मला वाचता येतात. इथपर्यंत ठीक होतं.

मग कुणीतरी विचारलं, ओढ्यापलीकडच्या दोब्रोलिप्स्कींना बोलवायचं का?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं आडनाव हेच आहे, कबूल. पण ते आमचे कोण? त्यांचे बापजादे जहागीरदाराच्या शेतावर वेठीला राबत होते. सरकारला नावं लिहून घ्यायची होती, दिलं आपल्या दोब्रोलिपे गावाचं नाव चिकटवून. आम्ही राजाच्या सनदेचे कुलीन. आमच्या आज्या हॅट घालून बटाटे काढायला जात, त्यांच्या बायका डोक्याला रुमाल बांधत. चर्चमध्ये आम्ही उजव्या बाकांवर, ते डाव्या. शेंबड्या पोराला विचारा, सांगेल. मी उभा राहून हे सगळं बोललो. टाळ्या पडल्या. घरी येताना लुद्विका म्हणाली, "मफलर नीट गुंडाळ, घसा बसलाय तुझा."

२३ एप्रिल. १८०/१००

होनोराता आली होती. माझ्या बहिणीची मुलगी, पन्नाशीकडे आली असेल, वोम्झाला टपाल कचेरीत आहे. फाटकाशी उभी राहिली. मी आत बोलावलं नाही.

"मामा, आई आजारी आहे. पोटात गाठ आहे, फार उशिरा कळलं. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा जेमतेम निघेल."

मी फाटकावरचा हात काढला नाही.

"तिला आजीजवळ जागा हवीय. बाबा तर तिकडे शिकागोतच पुरलेले आहेत. चर्चच्या कचेरीत विचारलं मी. कबर तुमच्या नावावर आहे, तुमची सही लागते."

"ओढा ओलांडताना आई-बाप आठवले नव्हते तिला," मी म्हणालो. "त्या कबरीत दोब्रोलिप्स्की झोपतात."

"तीही दोब्रोलिप्स्कीच आहे की, मामा. जन्मानं एकदा आणि लग्नानं एकदा."

हजरजबाबी कार्टी! मी फाटक लावून घेतलं. पडद्याआडून पाहिलं तर अर्धा तास बसथांब्यावर उभी होती, पावसात. छत्री आणायला काय झालं होतं?

२४ एप्रिल

झोप नीट लागली नाही. लिहून टाकतो म्हणजे सुटलो.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी फेलित्सियानं ओढ्यापलीकडच्या वालेंतीशी लग्न ठरवलं. फेला माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबा जेवणावरून उठले आणि म्हणाले, हॅटवाली मुलगी मेली, रुमालवाली माझी कोणी नाही. आई ताटं उचलायला लागली. लग्नाच्या सकाळी बाबांनी मला सांगितलं, तिची पेटी उचल आणि पुलाच्या मध्यावर ठेवून ये, पलीकडे पाऊल टाकायचं नाही. मी ठेवून आलो. जड होती पेटी. मी एकवीस वर्षांचा होतो, बापाचं ऐकायचं नाही तर कुणाचं? पुढे तो वालेंती एक्याऐंशी साली शिकागोला गेला तो गेलाच. त्यात माझा काय दोष?

आज मोजायला विसरलो.

३० एप्रिल. १६८/९६

लुद्विका दातांसाठी वोम्झाला गेली. दर गुरुवारी जाते. तिला दात तरी किती उरलेत देव जाणे. जाताना बीटच्या सुपाची बरणी घेऊन गेली. म्हणते, दवाखान्यातल्या बाईला माझ्या हातचं आवडतं.

१४ मे. १६०/९४

वोम्झाच्या अभिलेखागारात नाव नोंदवलं. एका दगडात दोन पक्षी. भाषणाला मजकूर मिळेल, आणि ओढ्यापलीकडचे आमचे कोणीही लागत नाहीत हे कागदावर येईल. मग तो कागद होनोराताच्या हातात ठेवतो, म्हणजे कायमची कटकट गेली.

तिथे तेर्लेत्स्काबाई बसतात. पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली, खोकलो तर बघतात. चर्चच्या जुन्या वह्यांत फादर प्रत्येक नावाआधी एक शब्द लिहायचे. कुलीन माणसाला 'कुलीन', बाकीच्यांना 'कष्टकरी'. एक शब्द लिहिला की संपलं. झकास पद्धत. माझे पणजोबा, खापरपणजोबा, सगळे 'कुलीन'. ओढ्यापलीकडचे सगळे 'कष्टकरी'. बाईंना म्हणालो, "बघा, स्वच्छ लिहिलंय." त्या म्हणाल्या, "अजून मागे जा. सगळे आधी इथेच थांबतात."

२८ मे. १५८/९२

मागे जातोय. बाळंतपणं, लग्नं, पटकीची सालं. डोळे दुखतात. पण एक सांगतो, मजा येतेय. लुद्विकाला रोज संध्याकाळी सांगतो, कोण कुणाचा सासरा होता ते. ती विणत विणत हुं हुं करते.

११ जून. १९०/१०५

आज अक्षर वेडंवाकडंच येणार.

तेव्हा इथे रशियाचं राज्य होतं. झारच्या सरकारनं १८३६ साली फर्मान काढलं होतं. जो स्वतःला कुलीन म्हणवतो त्यानं पुरावे द्यावेत, नाहीतर शेतकऱ्यांत जमा. त्या वेळी आमच्या घरात शिमोन होता. माझा थेट पूर्वज. त्याची फाइल सापडली. साक्षीदार, शिक्के, सगळं जागच्या जागी. आणि त्याच्या जबानीत लिहिलंय, 'मी बापाचा एकुलता एक मुलगा. मला भाऊ नाही.'

पण मी जन्माची वही आधीच उतरवून घेतली होती ना! त्याच आई-बापाच्या पोटी, त्याच घरात, शिमोननंतर तीन वर्षांनी मात्सेय जन्मला. दोघांच्याही नावाआधी 'कुलीन'. जबानीनंतर दोन वर्षांनी मात्सेयचं लग्न झालं. तेव्हा तो ओढ्यापलीकडे राहत होता, आणि फादरनी लिहिलंय, 'कष्टकरी मात्सेय दोब्रोलिप्स्की'. तिथून खाली उतरत आलो. मुलगा, नातू, पणतू. शेवटी वालेंती.

एकाच चुलीवरचे दोन भाऊ. घराचा कागद एकच होता, त्यावर वारस म्हणून एकच नाव घालायचं होतं, तर या शिमोननं सख्ख्या भावाला जिवंतपणी पुसून टाकलं! नालायक! हलकट! तो पाठचा भाऊ तिकडे कापणी करत असेल, आणि हा इकडे शिक्का मारून घेतोय! आईच्या पोटातून आलेल्या माणसाला कोणी असं नाकारतं? तेर्लेत्स्काबाई म्हणाल्या, आवाज खाली करा. मी म्हणालो, तुम्हाला काय जातंय! मला बाहेर काढलं.

लुद्विकाला सगळं सांगितलं. ती विणायची थांबली. माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिली की मी विचारलं, काय लागलंय का तोंडाला?

"काही नाही," म्हणाली. "शिमोनवर एवढं ओरडू नकोस. रक्तदाब वाढेल."

१३ जून. १८२/१०२

कायेतानला कागद दाखवला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हिरेक, हे मेळाव्यानंतर बघू."

"नंतर कशाला? मूळ सांगायचंय ना मला? हे मूळ आहे!"

"दगडावर अकरा नावं कोरून झालीत. शिकागोची माणसं काय हे ऐकायला समुद्र ओलांडून येतायत? तू राजाच्या सनदेपासून सुरू कर आणि शिमोनपाशी थांब. त्याच्या भावाचं कोण विचारतंय?"

मी म्हणालो, बघतो. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं. गावात काय तोंड दाखवणार? एप्रिलात मीच उभा राहून बोललो होतो, टाळ्या घेतल्या होत्या. मेळावा होऊन जाऊ दे. दोन महिन्यांनी काय बिघडतंय.

१ जुलै. १७५/९९

होनोराताचा फोन आला. आईला इस्पितळात ठेवलंय म्हणाली. सही मागितली नाही. नुसतं कळवलं आणि ठेवून दिला. हा काय उद्धटपणा!

२ जुलै. मोजला नाही

गुरुवार. लुद्विका निघाली. मी म्हणालो, दंतवैद्याला माझा नमस्कार सांग, घर बांधलं असेल त्यानं तुझ्या दातांवर.

ती दारात थांबली. हॅट काढून टेबलावर ठेवली.

"दंतवैद्य नाही. फेलाकडे जाते मी. अकरा वर्षं झाली."

"माझ्या पाठीमागे?"

"तुझ्या पुढ्यात कसं जाणार? तू फाटकं लावत बसतोस."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुझ्या खिशात तीन आठवडे कागद आहे. तुला सांगावंसं वाटलं कुणाला? ती दोन घास खात नाही आता. तू दगड बसायची वाट बघ. दगडांना घाई नसते."

छत्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मी कोट घातला. तिच्या मागोमाग बसमध्ये चढलो. वाटेत चर्चच्या कचेरीत उतरून संमतीपत्रावर सही केली. शिक्का मारून घेतला आणि पुढच्या बसनं वोम्झाला गेलो.

फेला एवढीशी झालीय. उशीवर नुसते डोळे. मी काय म्हणणार होतो ते सगळं विसरलो. शेहेचाळीस वर्षांनी माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कागद आणलाय."

"आधी बस," ती म्हणाली. "आणि टोपी काढ. आईनं काही शिकवलं नाही का?"

मी सगळं सांगितलं. शिमोन, मात्सेय, जबानी. म्हणालो, ते आपलेच आहेत, वालेंती आपल्याच रक्ताचा होता, तू कुठेही गेली नव्हतीस. आणि सही समोर ठेवली. "आता तू आईजवळ झोपू शकतेस. कुणाची हरकत नाही."

तिनं होनोराताकडून चष्मा मागून घेतला. कागद वाचला, सावकाश, बोट फिरवत.

"छान अक्षर आहे तुझं. अजून तसंच."

"मग?"

"हा सापडला नसता तर?"

"पण सापडला ना!"

"हिरेक, सापडला नसता तर?"

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, बराच वेळ घेत होतं.

"मला आईजवळ झोपायचं होतं," ती म्हणाली. "तुझी बहीण म्हणून. आता शिमोननं दिलेल्या परवानगीवर झोपू? ती पेटी तू पुलावर ठेवून गेलास ना, ती मी ओढत होते. वालेंतीची आई पलीकडून धावत आली आणि तिनं दुसरी कडी धरली. कुठल्या वहीत बघून नाही आली ती. नव्या दफनभूमीत भिंतीकडेला जागा घेतलीय होनोरातानं. बरी आहे. ऊन येतं."

"हट्टी आहेस! थेट बाबांवर गेलीस!"

"दोघंही गेलो," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. लुद्विका म्हणाली, घरी चल. मला कळत नाही, माझं चुकलं काय? पुरावा नेला, सही नेली, शिक्का नेला. माणसानं आणखी काय न्यायचं?

२३ जुलै. १६४/९४

आता दर गुरुवारी दोघं जातो. फेला हवेबद्दल बोलते, लोणच्याच्या काकड्यांबद्दल बोलते. आज निळा जग कुणी फोडला होता यावर आमचं भांडण झालं. एकोणीसशे पन्नास सालचा जग! मी म्हणालो तू, ती म्हणाली तू. एवढी हसली की नर्स आली. जगाचं सगळं आठवतं तिला, पण दफनभूमीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते.

संमतीपत्र माझ्याच खिशात आहे. दर वेळी नेतो.

१५ ऑगस्ट

चारशे नाहीत, अडीचशे आले. दगडावरचं कापड फादरनी ओढलं. कुलचिन्हावरचा बगळा बदकासारखा झालाय. मग मला माईकवर बोलावलं.

कायेताननं लिहून दिलेलं भाषण खिशात होतं. राजाच्या सनदेपर्यंत वाचलं. मग समोरची उजव्या बाकांवरची तोंडं पाहिली. माझीच तोंडं, तेच नाक, तीच वर केलेली हनुवटी. आणि मला अशी काही चीड आली की भाषण घडी करून ठेवलं आणि शिमोनची जबानी वाचली. सगळी. म्हणालो, दगडावर अकरा घरं आहेत, बारावं ओढ्यापलीकडे आहे, मात्सेयपासून शिकागोच्या वालेंतीपर्यंत, ते आपण स्वतःच्या हातानं तिकडे हाकललं. कायेताननं माईक बंद केला. मी माईकशिवाय बोललो. मोजणीवाल्याचा आवाज दोन शेतांपलीकडे जातो. कोणी उठून गेलं, कोणी 'लाज वाटू दे' म्हणालं. वाटलीय, म्हणूनच बोलतोय, मी म्हणालो.

नंतर शिकागोचा एक म्हातारा माझ्याजवळ आला. काठी टेकत, घामाघूम.

"वालेंती दोब्रोलिप्स्की म्हणालात, तो गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यातला? डाव्या भुवईवर व्रण?"

"होय, तोच."

"एकाच रस्त्यावर राहायचो आम्ही. चर्चमध्ये प्रार्थनेत शांती चिंतून शेजाऱ्याशी हात मिळवतात ना, तेव्हा तो माझ्याकडे हात पुढे करायचा. मी घ्यायचो नाही. तिकडेही नाही. मला माझ्या बापानं सांगितलं होतं, तो पलीकडचा आहे." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "सतरा वर्षं, हो."

केवढा मोठा समुद्र, आणि ही माणसं एवढासा ओढा सोबत घेऊन गेली. मला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. बाकावर बसवलं, पाणी दिलं.

९ सप्टेंबर

फेला गेली. पहाटे. होनोराता जवळ होती, मी नव्हतो. बुधवार होता.

१२ सप्टेंबर

भिंतीकडेला पुरलं. खड्डा खणायच्या आधी मी होनोराताला पुन्हा संमतीपत्र दाखवलं. म्हणालो, अजून वेळ आहे, ती आता भांडायला येणार नाही.

"म्हणूनच नको, मामा," ती म्हणाली.

ओढ्यापलीकडचे सगळे आले होते. अलीकडून मी आणि लुद्विका. पेटीच्या एका बाजूला एक खांदा कमी पडत होता, तिथे मी शिरलो. सत्तरीला टेकलेल्या माणसानं उचलू नये, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हणालो, बाजूला हो. या वेळी शेवटपर्यंत नेली.

२० ऑक्टोबर. १७०/९७

दगड बसवला. होनोरातानं बघायला नेलं. त्यावर लिहिलंय 'फेलित्सिया'. खाली दोन सालं. बस्स.

"आडनाव?" मी विचारलं.

"आईनं नको सांगितलं. दोन्हीकडचं नको म्हणाली."

मी भडकलो. दोब्रोलिप्स्की जन्माला आली, दोब्रोलिप्स्की म्हणून मेली, आणि दगडावर नुसतं हाक मारायचं नाव! येणाऱ्या-जाणाऱ्याला कळणार कसं ही कोण? शंभर वर्षांनी माझ्यासारखा कोणी वही घेऊन आला तर सापडणार कशी? होनोराता ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, सापडायचंच नसेल तिला."

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. आधी आई-बाबांच्या कबरीवर दिवे लावले, शेवंती ठेवली. बाबांशी भांडलो, मनातल्या मनात. ते ऐकत नाहीत, पूर्वीही ऐकत नव्हते. मग ओढा ओलांडून चालत नव्या दफनभूमीत गेलो. लुद्विका पुढे दिवे घेऊन. पाय दुखायला लागले म्हणून मी मागे राहिलो.

फेलाच्या दगडापुढे एवढे दिवे होते की माझा ठेवायला जागा शोधावी लागली. शेजारच्या कबरीवर एक बाई पानं झाडत होती. ओळखीची नव्हती, हॅट घातलेली, आमच्या बाजूच्या कुठल्यातरी गावची असावी.

"आपलं कोणी?" तिनं विचारलं.

"बहीण," मी म्हणालो.

तिनं दगडाकडे बघितलं, वाकून. "आडनाव नाही घातलंत ते? कुठल्या घराण्यातल्या?"

हा प्रश्न मला आयुष्यभर आवडत आला. छाती पुढे काढून उत्तर द्यायचो, गाव, चिन्ह, राजाची सनद, सगळं. ती बाई केरसुणी धरून वाट बघत होती.

"माझी बहीण," मी म्हणालो.

"ते कळलं हो. पण दोब्रोलिपेतल्या की पलीकडच्या?"

"माझी बहीण आहे, सांगितलं ना तुम्हाला!" मी एवढ्या जोरात ओरडलो की अख्ख्या दफनभूमीनं वळून पाहिलं.